हळदीकुंकवाच्या पहिल्या रांगेतली उमेदवार

आमच्या प्रभागातली एक जागा महिलांसाठी राखीव झाली, त्या दुपारी पक्षाचे तिघे जण आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि माझ्या धाकट्या जावेला उभं करायचं का, असं तिला सोडून घरातल्या सगळ्यांना विचारलं. आधी माझ्या नवऱ्याला. मग आमच्या चुलतसासऱ्यांना, ज्यांना धड ऐकू येत नाही. ते नुसतेच मान हलवत राहिले, तर त्या तिघांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला. जाऊ आत भाजी निवडत होती. मी दारात उभी होते. म्हटलं, "उमेदवार आत आहे हो. तिलाही विचारून घ्या एकदा, नाहीतर राहून जाईल."

तिघे हसले. त्यांना वाटलं, मोठ्या वहिनी थट्टा करतायत.

आमचं घर निर्मळ गावात. केळी, थोडा मोगरा, थोडा चाफा, असली जुनी वाडी. माझा धाकटा दीर तीन वर्षांपूर्वी अचानक गेला. पक्षाचं काम करायचा. गावात कुणाचं काही अडलं की लोक त्याच्याकडे यायचे, तो सगळ्यांना हो म्हणायचा, आणि मग रात्री जेवण झाल्यावर अर्ज लिहायला बसायची ती. कुठल्या खात्यात कुठला कागद, कोण साहेब सुट्टीवर, कोणाची बदली झाली, सगळं तिला पाठ. तो गेल्यावरही लोक येत राहिले आणि ती लिहीत राहिली. तरी गावात म्हणायचे, "दादांचं काम बायको पुढे चालवते हां." अरे, काम तिचंच होतं. पुढे तो चालवत होता.

तिचं एकच गाऱ्हाणं होतं, नाल्याचं. वाड्यांमधून पावसाचं पाणी वाहून नेणारा जुना नाला होता. पलीकडे कॉम्प्लेक्स आली, जमिनीवर भराव पडला आणि नाला मध्येच गायब झाला. कागदावर आहे, जागेवर नाही. आता दर पावसाळ्यात आमच्याकडे केळीच्या बुंध्यात आठ-आठ दिवस पाणी उभं राहतं, आणि त्या कॉम्प्लेक्सच्या बायका मात्र टँकरची वाट बघत बसतात. तिला एकदा, फक्त एकदा, महापालिकेच्या सभागृहात उभं राहून विचारायचं होतं की तो नाला गेला कुठे. अर्ज करून तिचे हात दुखले होते. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं, हे ती आम्हाला लहान मुलांना सांगावं तसं सांगायची.

पदराला हात पुसत ती बाहेर आली आणि त्या तिघांना म्हणाली, "उभी राहते. पण नाल्याचं आणि भरावाचं मी बोलणार. नको म्हणालात तर अर्ज मागे घेईन."

"हो हो ताई, बोला की," ते म्हणाले. हो म्हणायला त्यांचं काय जातंय.

अर्ज भरून झाला आणि चार दिवसांत बॅनर लागला. मी भाजीला निघाले होते, स्कूटर थांबवून बघतच राहिले. डावीकडे भला मोठा माझा दीर, गळ्यात हार. उजवीकडे कोपऱ्यात ती, पासपोर्टला लावतात तेवढी. खाली लिहिलेलं, 'कैलासवासी अमुक यांच्या पत्नी'. मी तिथूनच पक्षाच्या कार्यालयात फोन लावला. म्हटलं, "निवडणुकीला कोण उभं आहे? त्याचं मतदार यादीतलं नाव तर गेल्या वर्षी तुम्हीच खटपट करून काढून घेतलंत."

"सहानुभूती असते मोठ्या वहिनी," पलीकडून उत्तर आलं. "लोक दादांना ओळखतात."

"आणि तिला?"

"त्यांना दादांमुळे ओळखतात."

जाऊसुद्धा भांडली. स्वतः कार्यालयात गेली, तिथे तिला चहा पाजला, हो म्हणाले आणि बॅनर तसाच राहिला. तोंडाला पानं पुसणं ही कला बघायची तर त्या कार्यालयात जावं. प्रचाराला फिरताना आणखी तऱ्हा. "ताई निवडून आल्यावर कामं सांगायची कुणाला?" असं विचारून लोक बिनदिक्कत माझ्या नवऱ्याकडे बघायचे. तो बिचारा मोगऱ्याच्या कळ्यांत रमणारा माणूस, गर्दी दिसली की घराच्या मागच्या दाराने जातो. दर वेळी मी म्हणायचे, "कामं हिलाच सांगायची. हिला लिहिता येतं, वाचता येतं आणि विचारताही येतं." माझा आवाज चढायचा. ती माझा हात दाबायची, पुरे म्हणून.

मग संक्रांत आली.

आचारसंहिता लागलेली, त्यामुळे उमेदवाराला वाण वाटता येईना. पक्षाने तोड काढली की आमच्या महिला मंडळाने हळदीकुंकू करायचं, कॉम्प्लेक्सच्या हॉलमध्ये, आणि उमेदवार 'सहज' तिथे येतील. मंडळाची अध्यक्ष मी. आठ वर्षं मीच आहे, कारण दुसऱ्या कुणाला ती डोकेदुखी नको असते. हे काही सरळ नव्हतं, मला कळत होतं. पण सगळेच करत होते, आणि मला तिला निवडून आणायचं होतं. मी हो म्हटलं. गंमत बघा, त्या तिघांनी हॉल ठरवला, वाणाचे डबे ठरवले, माइकवाला ठरवला, आणि ज्या बाईसाठी हे सगळं चाललंय तिला नवरा नाही, हे कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्यांच्या लक्षात आलं. रोज त्याचाच फोटो घेऊन फिरत होते, तरी.

सकाळीच त्यांच्यातल्या एकाचा फोन आला. "मोठ्या वहिनी, एक छोटीशी अडचण आहे. ताईंनी शेवटी येऊन पाच मिनिटं बोलावं. सुरुवातीला नको. सणाचा दिवस, बायका काय म्हणतील."

मी त्याला असा फैलावर घेतला की काही विचारू नका. म्हटलं, "बॅनरवर गेलेला नवरा चालतो तुम्हाला, आणि त्याची जिवंत बायको चालत नाही? ती पहिल्या रांगेत बसेल. कोणाला काय म्हणायचंय ते मला येऊन म्हणू दे." फोन ठेवला आणि स्वतःवर इतकी खूश झाले की दुसऱ्यांदा चहा केला.

तिला सांगितलं तर ती म्हणाली, "जाऊ दे वहिनी. शेवटीच येते मी. कशाला उगाच."

"अजिबात नाही. पहिल्या रांगेत बसायचं. मी आहे ना."

तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता तर बसते."

हॉल भरला. कॉम्प्लेक्सच्या बायका, कुणी सातारकडच्या, कुणी कोकणातल्या, ऑफिसातून लवकर निघून आलेल्या. शेजारच्या वटार, गास गावांतल्या शेतकरी बायका. त्यात आमच्या ओळखीच्या ख्रिस्ती बायाही होत्या. त्या दर वर्षी येतात. त्यांना कुंकू लावायचं नाही, हातात फूल द्यायचं, वाण द्यायचं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आमच्या आज्यांच्या वेळेपासून ती सोय आहे. पहिल्या रांगेत धाकटी बसली. तिच्या एका बाजूला गासची एक म्हातारी ख्रिस्ती बाई, दुसऱ्या बाजूला कॉम्प्लेक्समधली सातारची एक तरुण बाई.

मी माइक घेतला आणि दणकून बोलले. इथे बसलेल्या सगळ्या बायका सारख्या आहेत, म्हटलं. नवऱ्याच्या असण्या-नसण्यावर बाईची किंमत ठरवायचे दिवस गेले, म्हटलं. टाळ्या पडल्या. मग मी कुंकवाचा करंडा उचलला आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली.

हळद, कुंकू, पुढे. हळद, कुंकू, पुढे. तीस वर्षं हे करतेय, तोंडाने गप्पा चालू असतात आणि हात आपला आपण चालतो. गासच्या म्हातारीपुढे आले तर हाताने आपोआप ताटातलं फूल उचलून तिला दिलं. मग माझी जाऊ. माझा हात तिच्या कपाळासमोर गेला, थांबला आणि पुढे गेला. सातारच्या बाईच्या कपाळावर कुंकू टेकलं तेव्हा मला कळलं की मी काय केलं. फूलसुद्धा दिलं नव्हतं. परक्या धर्माच्या बाईसाठी माझ्या हाताला वाट माहीत होती, घरच्या बाईसाठी नव्हती.

मागे वळता आलं असतं. एक पाऊल मागे यायचं होतं. पण मागच्या दोन रांगा बघत होत्या, आणि आता वळले तर चूक झाली हे सगळ्यांना कळेल, असा काहीतरी नतद्रष्ट विचार माझ्या डोक्यात आला. मी पुढे गेले. जाता जाता तिरक्या नजरेने मागे बघितलं. गासच्या म्हातारीने आपलं फूल धाकटीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "धर बाय. आमच्या वाडीत पन पानी भरतंय. त्याचं बोल तू."

आणि ती बोलली. शेवटी पाच मिनिटं नाही, चांगली पंधरा मिनिटं बोलली. नाला कुठून निघायचा, कुठे वळायचा, कुठे नाहीसा झाला, सगळं. आवाज जरासुद्धा कापला नाही. मी माइकच्या बाजूला करंडा धरून उभी होते आणि मला तो ठेवायला जागा सापडत नव्हती. बायका ऐकत होत्या, पण दाराजवळ वाणाचे डबे मांडलेले होते आणि बऱ्याच जणींचं लक्ष तिकडे होतं.

घरी येताना रिक्षात मी म्हटलं, "अगं, हातून चुकून झालं."

"माहितीये वहिनी."

"मी मुद्दाम नाही गं."

"तेही माहितीये." ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "त्यांच्याशी मी भांडते. बॅनरसाठी भांडले, अजूनही भांडेन. पण तुमच्याशी कशी भांडू? तुमच्या जिवावर तर त्यांच्याशी भांडते."

मी रिक्षाचे पैसे दिले. त्या रात्री मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. दीर गेल्यापासून तीन वर्षं माझ्या घरचं हळदीकुंकू झालं, तिन्ही वर्षं ती त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात होती. दूध आटवायची, कप विसळायची. मी आलेल्या बायकांना कौतुकाने सांगायचे, हिला कामाची भारी हौस, एक मिनिट बाहेर येत नाही. तिला बाहेर ये असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. आणि आमच्याकडे असलं काही मानत नाहीत, हेही मीच सांगत फिरायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते दुसऱ्याला म्हणायला सोपं असतं.

प्रचार संपेपर्यंत मी रोज तिच्याबरोबर फिरले. उन्हात, जिने चढून, दारोदार. भरपाई करत होते म्हणा. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका आजीबाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही रीत सांभाळलीत, बरं केलंत. हल्ली कोण सांभाळतं." त्यांनी मला शाबासकी दिली. माझ्या जावेला मत देणार का, असं विचारलं तर म्हणाल्या, "बघू." मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला उलट उत्तर न देता जिना उतरले.

ती हरली. थोडक्यात हरली, आणि थोडक्यात हरणं फार वाईट. निवडून आलेल्या बाई चांगल्या असतील, नसतील, मला माहीत नाही. पूर्ण प्रचारात त्यांचा आवाज मी ऐकला नाही, त्यांचे यजमानच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी तेच तिघे पुन्हा आमच्या ओट्यावर येऊन बसले. या वेळी निदान तिला बाहेर बोलावलं. चहा झाला. मग त्यातला एक सुस्कारा सोडून म्हणाला, "काय करणार ताई. बायकांनीच बाईला साथ दिली नाही. बाईच बाईची वैरी, हे खोटं नाही."

हे वाक्य मी जन्मभर खोडत आलेय. लग्नकार्यात, शाळेच्या सभेत, सासऱ्यांसमोरसुद्धा. उत्तर माझ्याकडे तयार असतं. बॅनर कुणी केला, तिला शेवटी बोलवा असं फोनवर कोण म्हणालं, नाल्याचा मुद्दा प्रचाराच्या पत्रकातून कुणी गाळला, सगळं जिभेवर होतं. तिघे माझ्याकडे बघत होते, आता मोठ्या वहिनी सुटणार म्हणून. माझं तोंड उघडलं नाही.

तेव्हा धाकटी म्हणाली, "माझ्या वहिनी रोज माझ्याबरोबर उन्हात फिरल्या. पहिल्या रांगेत मला त्यांनीच बसवलं, तुम्ही नाही. बायकांना पुन्हा नावं ठेवलीत तर या ओट्यावर चढू नका."

तिघे खाली बघू लागले. तिने रिकामे कप गोळा केले, माझ्या हातातलाही घेतला आणि आत निघून गेली. तिने मला रागाने चार शब्द सुनावले असते तर मी ते कसेही सोसले असते. तिने तर चारचौघांत माझी बाजू घेतली, आणि करंडा माझ्या हातात होता तेव्हा मला तिची घेता आली नव्हती.