मालतीकाकूंचा डबा

रविवार, २२ जून. डब्लिन, ओहायो. शेजारच्या मालतीकाकूंचं स्वयंपाकघर, सकाळी अकरा. हजर: काकू, मी, माझा नवरा सचिन, मुलगी ईरा.

हजेरी मुद्दाम लिहिली आहे, कारण पुढचं चौघांनीही पाहिलं. ग्रुपवर कुणी असलं चमत्काराचं काही टाकलं की मी न वाचता पुढे जाणारी. माझा भरवसा याद्यांवर.

आदल्याच दिवशी आम्ही युरोपहून परतलो होतो. दोन आठवडे, पाच शहरं, सगळा प्रवास ट्रेनने, सेकंड क्लास. पाठीवर एकेक सॅक, पाणी स्टेशनच्या नळावरचं, बाहेरचं जेवण दिवसातून एकदाच. बाकी वेळ घरचा खाऊ, त्यात काकूंनी दिलेला स्टीलचा डबाभर चिवडा.

काकू एकाहत्तर वर्षांच्या, मुलाकडे राहतात. फेब्रुवारीत त्या म्हणाल्या होत्या, मलाही घ्या, माझं सामान मी उचलीन. पण माझ्या तक्त्यात गाडी बदलायला कुठे अकरा मिनिटं, कुठे नऊ... आणि काकूंचे गुडघे दुखतात. मी सांगितलं, तुमच्या व्हिसाची अपॉइंटमेंट आता मिळणार नाही. खरं तर मी साइट उघडूनही बघितली नव्हती. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी डबा आणून दिला.

गुरुवारी, बारा तारखेला, ब्रसेल्स स्टेशनवर चिवडा संपला. डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून कॉफीबरोबर मिळालेल्या साखरेच्या पाच पुड्या मी त्यात टाकल्या. सचिन म्हणाला, घरी काय साखर संपली आहे का. मग कोलोनला उतरलो, आमची गाडी पुढे निघून गेली, आणि मी सामान मोजलं — डबा वरच्या रॅकवर राहिला होता. दुपारचे तीन चाळीस. ईरा म्हणाली, "मॉम, इट्स गॉन." हरवलेल्या वस्तूंचा फॉर्म भरला. उत्तर नाही.

म्हणून रविवारी माफी मागायला गेलो. मी सुरुवात केली, "काकू, तुमचा डबा..."

"मिळाला की," म्हणत त्यांनी तो ओट्यावरून उचलून माझ्यापुढे ठेवला.

तोच. झाकणाला पोचा, कडेला कोरलेलं काकूंचं नाव. मी झाकण काढलं. आत पाच पुड्या. तीन पांढऱ्या, दोन ब्राउन, वर फ्रेंच अक्षरं. सचिन खुर्ची ओढून बसलाच.

डबा त्याच गुरुवारी, बारा तारखेला सकाळी दाराशी सापडला, काकूंनी सांगितलं. दहा वाजायच्या आत. त्या कचऱ्याचा बिन रस्त्यावरून आणायला गेल्या तेव्हा पायपुसण्यावर काही नव्हतं. परत आल्या तर हा. आसपास कुणी नाही. त्यांच्या दाराला कॅमेराही नाही.

मी वेळेचा फरक दोनदा मोजला. कोलोनचे तीन चाळीस म्हणजे आमचे सकाळचे नऊ चाळीस.

"वाटलं, ओझं झालं म्हणून कुणाच्या तरी हाती परत पाठवलास," काकू म्हणाल्या. "मला नाही नेलंत ते ठीक आहे गं. डबा तरी न्यायचात."

ईराने फोनमधला फोटो पुढे केला: त्याच गुरुवारची ट्रेन, तिच्या मांडीवर हाच डबा, मागे हिरवी शेतं. काकूंनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"म्हणजे खिडकीशी बसून गेला तर," त्या म्हणाल्या. मग पुड्या काढून घेतल्या, डब्यात बेसनाचे लाडू भरले आणि माझ्या हातात दिला.

सचिन आधी म्हणत होता, तसलेच दोन डबे असतील. पुड्यांचं काय, विचारल्यावर त्याने तो मुद्दा सोडला. मीही सगळ्या शक्यता ओळीने लिहून काढल्या, आणि एकेक खोडली. शेवटी कागदावर काहीच उरलं नाही.

लाडू कधीच संपले. डबा घासून-पुसून ओट्यावर आहे, शेजारी त्यात भरायच्या शंकरपाळ्याही तयार आहेत. फ्रिजवरच्या यादीत ट्रिपनंतरची बाकी सगळी कामं टिक झाली. 'डबा परत देणे' राहिलंय, कारण त्याच्या वरची ओळ अजून तशीच आहे — 'काकूंना व्हिसाचं खरं सांगणे.'