दोन नोंदी, जोड नाही

सकाळचे आठ चाळीस. सोयरीकताईंच्या सोळा जोडण्या तोवर उरकल्या होत्या.

हे नाव ऑफिसनं पाडलेलं. मेंदूवर काम करणाऱ्या एकवीस प्रयोगशाळा एकाच भागाला आपापली नावं देतात. कुणी लांबलचक, कुणी नुसता आकडा. कुठली दोन नावं एकाच वस्तूची, हे संगणकाला कळेल असं लिहून ठेवायचं, म्हणजे एक प्रश्न विचारला की सगळीकडची माहिती एकदम हाती येते. ताई अकरा वर्षं हेच करत होत्या. माणसंही अशीच जुळवायची. जिवंतपणी दवाखान्यात झालेल्या तपासण्या एकीकडे, दान केलेला मेंदू दुसरीकडे. नावं दोन्हीकडून पुसलेली. स्त्री की पुरुष हे सोडून निदान तीन बाबी जुळल्या तरच जोड. जोड नाही, तो मेंदू अभ्यासातून बाद.

सतरावा मेंदू एका डावखुऱ्या पुरुषाचा होता. जन्मसाल होतं, कवटीवर लहानपणच्या खोकेचा व्रण होता. दवाखान्याच्या नोंदीत जन्मसाल तेच, हातही डावाच; खोकेचा उल्लेख नव्हता. मनात येईल ते एक वाक्य लिहा, असं स्मरणाच्या तपासणीत सांगतात. त्याची ती तीनदा झाली होती; तिन्ही वेळा त्यानं लिहिलं होतं, ‘धाकटी अजून आली नाही.’

दादा जिन्यावरून पडला तेव्हा ताई सहा वर्षांच्या होत्या. रक्त त्यांच्या फ्रॉकला लागलं होतं. तपासणीच्या तिन्ही दिवशी त्या याच खुर्चीवर होत्या.

दानाच्या कागदावर सही करताना दादा म्हणाला होता, “जिवंतपणी डोकं फारसं चाललं नाही. मेल्यावर तरी कामाला येऊ दे.”

“काय सोयरीकताई, स्थळ पसंत पडेना?” शेजारच्या टेबलावर आकडेमोड करणाऱ्या पोरानं विचारलं.

“दोनच बाबी जुळतायत. पण खात्री असली तर?”

“कशावरून, ते लिहावं लागतं. कागदावरून असली तर चालते. घरची ओळख निघाली तर नोंद कायमची बाद. तुम्हीच तर शिकवलंत मला.” त्यानं मान वळवून त्यांच्या पडद्याकडे पाहिलं. “का हो?”

“काही नाही. तुझा चहा निवतोय.”

कारणाच्या रकान्यात त्यांनी ‘तीन बाबी जुळतात’ असं लिहिलं. ते दोनदा वाचलं. एक जोड खोटी निघाली की अकरा वर्षांच्या सगळ्या जोडण्या पुन्हा तपासाव्या लागतात, हा नियमही त्यांनीच घातलेला. त्यांनी ते पुसलं आणि लिहिलं, ‘जोड नाही.’ मग अठरावी नोंद उघडली.

अभ्यासाच्या यादीत एकशे बेचाळीस मेंदू होते. ती उद्या सकाळी नऊला बंद होईल, तेव्हा एकशे एकेचाळीस असतील.