ठरलेली उंची

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या गच्चीवरून विमानं दिसतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असला की ती लोणी काळभोरच्या अंगानं येतात, उत्तरेला जातात आणि मग वळून लोहगावच्या धावपट्टीची वाट धरतात. आमची इमारत उभी आहे तिथं पूर्वी माझ्या सासरचा ऊस होता. बिल्डरनं जमीन घेतली आणि आम्हाला दोन फ्लॅट दिले. एकात धाकटे दीर आणि जाऊबाई राहतात, दुसऱ्यात मी. नवरा गेल्यापासून एकटीच. लेक पायलट आहे, ती दिल्लीला असते.

लोक म्हणतात, "मुलगी पायलट! मग काय, तुम्ही कधीही उठून जात असाल." मी हो म्हणते. खरं सांगायला बसलं तर त्यांचा चहा गार होतो. खरं असं आहे की दिवाळीला तिची ड्यूटी असते, तिला सुट्टी असते तेव्हा कुठलाच सण नसतो, आणि सुट्टीत ती झोपते. तक्रार करण्यात अर्थ नाही, पण घर खायला उठतं हेही खोटं नाही.

मी हडपसरच्या शाळेत भूगोल शिकवायचे. नकाशावर नाव आहे म्हणजे खाली गाव, नदी, डोंगर काहीतरी असणार, ही माझी जन्माची समजूत. ती लेकीनं मोडली. एका सुट्टीत तिनं मला टॅबवर विमानांचा नकाशा दाखवला. त्यावर पाच-पाच इंग्रजी अक्षरांची विचित्र नावं होती.

"हे कुठलं गाव गं?"

"गाव नाही आई. हवेतला बिंदू आहे. खाली काहीही नसतं."

"मग नाव कुणी ठेवलं?"

"ऑफिसात बारसं होतं त्यांचं," ती म्हणाली. हा तिरकसपणा तिनं माझ्याकडूनच उचललाय.

मग तिनं नीट समजावलं. पूर्वी जमिनीवर रेडिओचे मनोरे असायचे आणि विमानं एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर जायची. आपल्याला कुठंही जायचं असलं तरी आधी स्वारगेट गाठून बस बदलावी लागायची ना, तसं. आता उपग्रहांमुळे विमानाला आपण कुठं आहोत हे सतत कळतं, म्हणून हवेत हवे तिथं बिंदू मानायचे आणि एकावरून दुसऱ्यावर सरळ जायचं. आडगल्लीतून नेणाऱ्या रिक्षावाल्यासारखं, मी म्हटलं. "हो, फक्त आम्ही मीटरनं जातो," ती म्हणाली.

उतरण्याचा भाग मला जास्त आवडला, कारण त्यात शाळेसारखी शिस्त होती. ढगात काही दिसत नसलं तरी विमान बिंदूमागून बिंदू खाली येतं. प्रत्येक बिंदूला उंची नेमून दिलेली. तो ओलांडल्याशिवाय त्या उंचीच्या खाली जायचं नाही. एक गंमत मला फार पटली. जागा उपग्रह सांगतात, पण या पद्धतीत विमान आपली उंची हवेच्या दाबावरून ओळखतं, आणि तो दाब खालून कुणीतरी माणूस रेडिओवर सांगतो. तो आकडा दोन्ही पायलट लावतात आणि एकमेकांना वाचून दाखवतात, कारण तो चुकला तर बाकी सगळं बरोबर दिसत असताना विमान खाली असू शकतं.

आणि शेवटी येते ठरलेली उंची. यंत्र बोलतं, "मिनिमम." त्या क्षणी धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर उतरायचं, नाही दिसले तर लगेच वर जायचं.

"थोडं आणखी खाली जाऊन पाहिलं तर?" मी विचारलं होतं.

"नाही. तिथं विचार करायचाच नसतो. विचार आधी करून ठेवलेला असतो."

हे झाल्यावर वर्षभरात ती कॅप्टन झाली. मग यंदाच्या श्रावणात तिचा फोन आला. पुण्याची फ्लाइट होती, संध्याकाळी उतरायचं आणि रात्र पुण्यात. क्रूला हॉटेल असतं, पण तिनं घरी राहायची परवानगी काढली होती. तिच्या बाबांचं दिवसकार्य झाल्यापासून ती या घरात एकदाही झोपली नव्हती. मी त्या संध्याकाळसाठी अक्षरशः हपापले होते, दुसरा शब्द नाही.

सकाळी तिला फोन करून सांगितलं, "हुलग्याचे शेंगोळे करतेय. गरम खायचे असतात, तेव्हा वेळेवर ये." ती हसली. "वेळेवरच येते गं, आमची कंपनी येऊ देत नाही."

दुपारनंतर ढग उतरले. हडपसरकडच्या उंच इमारतींचे वरचे मजले दिसेनात. पाऊस धड पडत नव्हता आणि थांबतही नव्हता. मी फोनवर ते विमानं दाखवणारं ॲप उघडून गच्चीच्या जिन्यात बसले. दीर छत्री घेऊन आले आणि शेजारी उभे राहिले. त्यांच्या पुतणीचं विमान म्हणजे त्यांचंही विमान.

फोनवरचं इवलंसं विमान लोणीवरून आलं. आवाज आला, तोही अगदी डोक्यावर. दिसलं मात्र काहीच नाही. ते उत्तरेला गेलं, वळलं, उंचीचे आकडे उतरत गेले. आकडे थांबले आणि वाढू लागले.

"वैनी, ह्ये वर का चाललंय?"

"तिला धावपट्टी दिसली नाही."

"आता हितं आपल्याला रोड दिसतोय की समदा! जरासं खाली आली असती तर दिसलं नसतं व्हय?"

मी त्यांना नियम सांगितला, शाळेत सांगायचे तसा. तोंडानं नियम सांगत होते आणि मनात म्हणत होते, भाऊजी खरं बोलतायत, जरासं खाली ये ना बाई.

विमान फिरून पुन्हा आलं. पुन्हा तोच आवाज, तेच आकडे. या वेळी ते आधीपेक्षा कणभर जास्त उतरल्यासारखं मला वाटलं, पण ॲपचं काय खरं. मग पुन्हा वर. त्यानंतर ते आमच्याकडे आलंच नाही, पूर्वेला निघून गेलं. दीर बराच वेळ छत्री धरून उभे होते. "हैद्राबादला गेली असंल," ते म्हणाले आणि खाली गेले. मी घरात येऊन शेंगोळ्यांखालचा गॅस बंद केला.

तिचा फोन हैदराबादहून आला. तिची ड्यूटीची वेळ संपली होती, विमान पुण्याला दुसरे पायलट नेणार होते. सकाळी तिला तिथूनच दिल्लीला जायचं होतं. मी शहाण्यासारखं म्हटलं, "बरोबर केलंस. नियम म्हणजे नियम."

ती म्हणाली, "आई, दुसऱ्या वेळी 'मिनिमम' ऐकू आलं आणि मी काही केलंच नाही. क्षणभरच. पण काही दिसत नव्हतं आणि मी खाली जात राहिले. को-पायलट ओरडला, तेव्हा वर घेतलं. ते मी आपणहून करायला हवं होतं."

"का गं? असं कसं झालं?"

"तू खाली आहेस हे डोक्यात होतं. शेंगोळे केलेत, जिन्यात बसली असशील. एवढंच. मी रिपोर्ट करणारे ऑफिसला."

वाट पाहणं म्हणजे आपलं आपण निरुपद्रवी काम, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, असं मी समजत होते. आणि माझं ते जिन्यात बसणं ढगात, तिच्या हाताशी जाऊन पोचलं होतं. तिच्या मागे विमानभर माणसं होती. त्यांच्याही घरी कुणी ना कुणी जेवायचं थांबलं असेल, पण विमान त्यांच्या हातात नव्हतं.

मला तिची भीती वाटली नाही, माझी वाटली. मी म्हटलं, "एक ऐक. यापुढे पुण्याची फ्लाइट असली की मला आधी सांगू नकोस. उतरलीस की फोन कर. घरी असले तर जेवू, नसले तर नाही."

"वेडी आहेस का तू?"

"असेन. पण मी खाली आहे की नाही, हे तुला वर माहीत नको."

ती रडली. मी रडले नाही, कारण एकीनं तरी फोन नीट धरायला हवा होता. ॲप मी त्याच रात्री काढून टाकलं.

तिनं रिपोर्ट केला, पुन्हा सिम्युलेटरवर ट्रेनिंग झालं, आणि ती परत उडायला लागली. माझा शब्दही तिनं मानला. आता डोक्यावरून विमान गेलं की ते तिचं असेल किंवा नसेल. दीर कधीतरी विचारतात, "वैनी, ह्ये आपलं हाय का?" मी म्हणते, माहीत नाही.

मागच्या महिन्यात मी हडपसरच्या मंडईत गेले होते. गवार निवडत होते, फोन पिशवीत मेथीखाली होता. बाहेर काढला तर तिचे तीन मिस्ड कॉल आणि एक मेसेज: "उतरलेय. तासभर आहे. टर्मिनलला येतेस?" मेसेज येऊन तासाच्या वर होऊन गेला होता. मी फोन लावला, तो बंद. गवारवाली म्हणाली, "काकू, घेताय न्हवं?" मी तिच्या पाटीसमोर उभी राहून रडले. लाज वाटली, तरी रडले. तिनं बिचारीनं गवार मापाहून जास्त घातली.

दिल्लीला पोचल्यावर लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "आई, पुढच्या वेळी आधी सांगू का?"

"नको," मी म्हटलं. हो म्हणावंसं फार वाटत होतं.