मूर्तिकाराच्या घरातली मोठी

माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेनं मुलांची सहल यवतमाळला नेली होती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मोबाईलवर फोटो दाखवत बसली. जुन्या मूर्तिकारांच्या गल्लीत एका शिल्पकाराच्या घराचं आता संग्रहालय केलंय, मागे बाग आहे, मुलांनी तिथंच डबे खाल्ले, असं ती सांगत होती. एका फोटोत मुलं दात काढून उभी होती आणि त्यांच्या मागे लाकडी चौरंगावर एका तरुण मुलीचा पांढरा मुखवटा होता. म्हणजे मुखवटा नव्हे, मानेपासून वर पुरतं डोकं.

"बाई, हा चेहरा तुमच्या लेकीसारखा नाही वाटत?" ती म्हणाली.

मी फोन हातात घेतला. माझी लेक तिच्या मावशीवर गेली आहे, हे मला ठाऊक होतं. ही ती मावशी होती. माझी मोठी बहीण. तिला जाऊन चाळीस वर्षं होत आली होती आणि आमच्या घरात तिचा एकही फोटो नव्हता. लग्नात फोटोवाला बोलावण्याची आमची ऐपतही नव्हती आणि तशी रीतही नव्हती.

घरात तिला सगळे मोठी म्हणायचे. मी धाकटी. आमचा लमाणांचा तांडा फुलसावंगीच्या पलीकडे. दिवाळी झाली की बा यवतमाळला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला यायचा आणि आम्हालाही आणायचा. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. याडी आणि मोठी मूर्तिकारांच्या गल्लीत माती वाहायच्या. नवरात्र संपलं की ती गल्ली सुस्त व्हायची, पण पुढच्या साली लागणारी माती तळ्यातून काढून, चाळून, कोठ्यांत भरून ठेवायचं काम हिवाळ्यातच चालायचं. घराघरातून अर्धवट देवी उभ्या असत, भाताच्या तणसाच्या, बिनडोक्याच्या. मला भीती वाटायची. मोठीला वाटत नसे. ती त्यांच्या मधून टोपलं घेऊन सरळ जायची.

गल्लीच्या टोकाला तो शिल्पकार राहायचा. देवी करत नसे, माणसं करायचा. एकदा त्यानं याडीला विचारलं की तुमची मुलगी तीन-चार दुपारी माझ्यासमोर बसेल का, मला तिचं डोकं मातीत करायचंय, घरात माझी बायको आहे, काळजी करू नका. याडीनं बराच विचार केला आणि हो म्हणाली. बाला सांगायचं नाही असं ठरलं. मोठीसोबत मी जायचं हेही ठरलं.

पहिल्या दुपारी मी त्या खोलीत होते. तो ओल्या मातीचे गोळे चिकटवायचा, मागे सरकायचा, मोठीकडे पाहायचा. तिच्याकडे कुणी इतका वेळ पाहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्याकडे तर नाहीच. मी मध्येच विचारलं की माझं कधी करणार. तो हसला, वाईट हसला नाही, म्हणाला, तू अजून थोडी मोठी हो, आता बागेत खेळ. मी पंधरा वर्षांची होते. बागेत खेळायचं वय नव्हतं माझं. तिथं एक हौद होता, त्यात कमळाची पानं, भोवती जास्वंद, एक रामफळाचं झाड. पुढच्या दोन्ही दुपारी मी हौदाच्या काठावर बसून राहिले. त्याच्या बायकोनं मला पोहे आणून दिले ते मी खाल्ले नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बा जेवायला बसला. काही विचारलं नव्हतं त्यानं. मीच म्हणाले, "मोठी त्या मूर्तीवाल्याच्या घरात बसते. तो तिचं तोंड बनवून राह्यला."

याडी आणि मोठी तेव्हा नळावर पाण्याला गेल्या होत्या.

बा तापट नव्हता. त्यानं कुणाला मारलं नाही, ओरडलाही नाही. ताट सरकवलं आणि दोन दिवसांत मोठीला तांड्यावर नेऊन सोडलं. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, पैनगंगेच्या पलीकडे. मुलगा चांगला होता, सासू चांगली होती, कुणाला दोष देता येईल असं काही तिथं नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यात ती पोटुशी असताना कावीळ झाली. नदीला पूर होता. निरोप आमच्यापर्यंत पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

बाला कुणी सांगितलं, हे याडीनं बाला कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. तिनं स्वतःच ठरवलं. यवतमाळला आमच्या शेजारच्या खोलीत आमच्याच तांड्यातली एक बाई राहायची, याडीची लहानपणापासूनची मैत्रीण. तिनं मोठीला त्या घरातून निघताना पाहिलं होतं आणि याडीला हटकलंही होतं. तीच असणार, असं याडीनं धरलं. मोठी गेल्यावर तर तिच्याशी बोलणंच टाकलं. एकाच तांड्यात, चार घरं सोडून. होळीला बायका लेंगी म्हणत फेर धरायच्या तेव्हा ती आली की याडी फेरातून निघून यायची. त्या बाईनं दोनदा माणसं पाठवून विचारलं की माझं काय चुकलं. याडीनं उत्तर दिलं नाही. मी हे सगळं पाहत होते. शिकले, शिक्षिका झाले, लग्न करून उमरखेडला आले, बा गेला, आणि मी बोलले नाही. चार वर्षांपूर्वी ती बाईही गेली.

फोटो पाहिल्यावर आठ दिवस मी गप्प होते. याडी एरवी तांड्यावर माझ्या भावाकडे राहायची, तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे होती. घरात नातवंडांमुळे आता वऱ्हाडीच बोलतात, तीही तीच बोलते. शेवटी एका सकाळी मी तिला सांगितलं. तिनं तांदूळ निवडायचं थांबवलं नाही.

"कानात काय हाये तिच्या?" तिनं विचारलं.

काही नाही, म्हटलं.

"मंग तीच. तिचे कान पिकले होते. भोकं बुजली होती." एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "कवा नेतं मले?"

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. महागाव, आर्णी करत यवतमाळला पोचेपर्यंत ती खिडकीतून तुरीची शेतं पाहत होती आणि कुठं शेंगा भरल्यात, कुठं नाहीत, ते सांगत होती. गल्ली तिनं ओळखली नाही. घरं पक्की झाली होती, कोठ्यांच्या जागी दुकानं होती. एका घरासमोर तणसाचा भारा दिसला तेव्हा ती म्हणाली, "हां, इथंच."

संग्रहालयात फारशी माणसं नव्हती. सामान सांभाळणारी एक तरुण मुलगी टेबलाशी बसली होती. तिनं आजी म्हणत याडीचा हात धरून उंबरा ओलांडवला. पहिल्या खोलीत शिल्पकाराची हत्यारं, चष्मा, काही चित्रं. दुसऱ्या खोलीत डोकी. सात-आठ असतील. याडी दारातच थांबली आणि नव्या डोळ्यानं एकेकाकडे पाहत गेली, आणि मग सरळ त्या चौरंगापाशी गेली.

खाली चिठ्ठी होती: लमाण युवती, प्लास्टर.

मोठी हसत नव्हती, पण आता हसेल असं तिचं तोंड होतं. इतकी लहान होती ती. माझ्या मनात ती नेहमी माझ्याहून मोठीच राहिली होती आणि आता माझ्या वर्गातून बाहेर पडलेल्या कुठल्याही मुलीएवढी दिसत होती. याडीनं हात पुढे केला. टेबलाशी बसलेली मुलगी आमच्या मागोमाग आली होती. हात लावायचा नाही असं ती म्हणणार होती, तिचं तोंड उघडलंही होतं. मी तिला सांगितलं की ही या आजींची मुलगी आहे. ती बाहेर गेली.

याडीनं कानाच्या पाळीवरून बोट फिरवलं. त्या माणसानं तिथली बुजलेल्या भोकाची खूणसुद्धा केली होती. याडी बराच वेळ तिथंच बोट ठेवून उभी होती. मग म्हणाली, "थंडी हाये पोरगी."

निघताना त्या मुलीनं वही काढून नाव विचारलं. याडीनं मोठीचं नाव सांगितलं, पूर्ण, बाच्या नावासकट. इतक्या वर्षांत ते नाव मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. फोटो काढून पाठवते, असं मुलगी म्हणाली. याडी म्हणाली, पाठवा.

आम्ही मागच्या बागेत बसलो. हौद कोरडा होता, आत पानं साचली होती. रामफळाचं झाड होतं की नाही, मी पाहिलं नाही. याडी डोळे पुसत होती, ऑपरेशनचा डोळा चोळू नको असं मी सांगत होते. आणि मला वाटलं की आज नाही तर कधीच नाही.

"याडी, बाले म्या सांगतलं होतं," मी म्हणाले. "ती बसते म्हणून. त्या शेजारच्या मावशीनं नाही. म्या."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मारेल, किंवा म्हणेल की लहान होतीस तू. तसं काही झालं नाही.

"काहून सांगतलं?"

"मले राग आलता. त्यानं तिचं केलं, माझं नाही केलं."

माळी पाइपानं झाडांना पाणी देत आमच्या बाकापर्यंत आला, पाय वर घ्या म्हणाला. आम्ही पाय वर घेतले. तो गेल्यावर याडी म्हणाली, "आता कायले सांगतं मले? ती तं मेली."

मला आधी वाटलं ती मोठीबद्दल बोलते आहे. मग कळलं, ती तिच्या मैत्रिणीबद्दल बोलत होती.

परतीच्या एसटीत तिनं तुरीच्या शेतांकडे पाहिलं नाही. महागाव आल्यावर म्हणाली की मला इथून तांड्यावर सोड, तुझ्याकडे येत नाही. तिच्या डोळ्यात औषधं घालायची होती, पिशवी माझ्या घरी होती, पण मी वाद घातला नाही. फुलसावंगीची गाडी धरून आम्ही तांड्यावर गेलो. भावाच्या घरी न जाता ती चार घरं पुढे गेली. मैत्रिणीची सून अंगणात कापूस वाळत घालत होती. जुनं भांडण कशावरून होतं, हे तिला माहीत नव्हतं. आजी कधी येत नाहीत, आज आल्या, म्हणून ती खूश झाली, बाज टाकली, चहा ठेवला. याडीनं विचारलं की सासूला शेवटी काय त्रास झाला, कोण जवळ होतं, काय खावंसं वाटत होतं. सून सांगत गेली. याडीनं कप दोन्ही हातांत धरला होता. चहा पार थंड झाल्यावर तिनं तो प्याला. माफी ज्या माणसाकडे मागायची, तेच उरलं नव्हतं.

औषधं मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. तेव्हापासून ती भावाकडेच असते. मी पंधरवड्याला जाते. ती माझ्याशी बोलते, शाळा, पेन्शन, गुडघे, सगळं विचारते. माझ्या हातचं जेवते. पण मुक्कामाला ये म्हटलं की पुढच्या महिन्यात पाहू म्हणते.

त्या मुलीनं पाठवलेला फोटो मी मोठा करून, चौकट करून नेला. याडीनं तो आपल्या खाटेच्या उशाशी लावून घेतला. माझी लेक पुण्यात शिकते. ती रविवारी आजीला फोन करते, आणि आजी तिला मावशीच्या गोष्टी सांगते: मोठीला पोहता येत होतं, ती प्रत्येक बकरीला नाव द्यायची, सासरी जाताना रडली नव्हती. यातलं बरंचसं मला ठाऊक नव्हतं. याडी मला ते सांगत नाही. लेक सांगते.