हातरिक्षातलं वजन

मद्रासला बदली होऊन सहा-सात वर्षं झाली तेव्हा मी चाळिशीत होतो आणि स्वतःला सडपातळ समजत होतो. या समजुतीला आधार वेष्टीचा. ऑफिसातून आलो की विजार उतरवून इथल्या लोकांसारखी लुंगीवजा वेष्टी गुंडाळायची मला सवय लागली होती, आणि वेष्टी कुणाची चहाडी करत नाही. विजारी दरवर्षी सैल करून घ्याव्या लागत, पण त्याचा दोष मी कापडाला देत असे. शिवाय आमच्या ऑफिसात ढेरी हा हुद्द्याचाच भाग होता. ती नसलेल्या माणसाला बढती मिळाल्याचं मी पाहिलं नाही.

मैलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हातरिक्षावाला उभा असे. सभागृहात गाणं असलं की आम्ही नवराबायको त्याच्याच रिक्षातून जायचो. मला तो अय्या, म्हणजे साहेब, म्हणे आणि बायकोला अम्मा. माणसाने माणसाला ओढावं का, याबद्दल मला फार उदात्त विचार सुचत, पण ते रिक्षात बसल्यावर.

एका संध्याकाळी त्याने दांड्या उचलल्या, दोन पावलं टाकली आणि पुन्हा खाली ठेवल्या.

"अय्या, दोघं नको. एकेकटं बसा."

आम्ही उतरलो आणि चालू लागलो.

"ऐकलंत ना?" बायको म्हणाली. "तरी सांगत होते, कँटीनमधले वडे कमी करा."

"मी? तो तुझ्याकडे बघून म्हणाला."

"माझ्याकडे कशाला बघेल? लग्नात होते तेवढीच आहे मी."

"लग्नात वजन कुणी केलं होतं?"

गाण्याआधी अध्यक्षांचं भाषण झालं. हार त्यांच्या पोटावर आडवा पसरला होता. बायकोने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांनीही पथ्य सुरू केलं; अर्थात, केवळ दुसऱ्याला सोबत म्हणून. सांबारभातावरचं तूप गेलं, कॉफीतली साखर गेली. सकाळी देवळाच्या तळ्याभोवती फेऱ्या सुरू झाल्या. शेजारच्या तंजावरकडच्या मराठी बाईंनी बायकोला हळूच विचारलं, यांची नोकरी ठीक आहे ना? त्या गल्लीत माणूस दोनच कारणांनी वाळत असे, आजार किंवा ओढग्रस्ती. मी दोनदा चोरून वडा खाल्ला. पायसमची, म्हणजे खिरीची, एक वाटी घरातून कशी नाहीशी झाली, ते मी कधी विचारलं नाही.

स्टेशनवर वजनाचा काटा होता. तिथे जाऊ या, असं आमच्यापैकी कुणीच सुचवलं नाही. गेलो असतो तर कुणाचं वाढलंय ते ठरून गेलं असतं.

दोन महिन्यांनी पुन्हा गाणं होतं. "चला, आज बघूच," बायको म्हणाली. आम्ही रिक्षात ताठ बसलो, पोटं आत ओढून, जणू श्वास रोखला की माणूस हलका होतो. त्याने दांड्या उचलल्या आणि खाली ठेवल्या.

"दोघं नको, अम्मा."

"अरे, आणखी किती बारीक व्हायचं आम्ही?" बायको तिच्या मोडक्या तमिळमध्ये कडाडली.

तो बघतच राहिला. "बारीक कशाला व्हायचं? माझा गुडघा गेलाय. सगळ्यांनाच एकेकटं नेतो हल्ली. मला वाटलं घरात आजारपण आलं. दोघं केवढे वाळलात!"

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"विचारलंत कुठे? उतरलात ते भांडतच निघालात."

मी उतरलो. बायको बसून राहिली आणि मी बाजूने चालू लागलो. वाटभर ती त्याला गुडघ्यासाठी तेलं सुचवत होती आणि तो ती सगळी आधीच लावून झाल्याचं सांगत होता. तिचा चेहरा दोन महिन्यांत पहिल्यांदाच खुलला होता. माझाही खुलला असावा; निदान रात्री जेवताना तूप मागायला हरकत नव्हती.

मध्येच तिने त्याला विचारलं, "खरं सांग, आमच्यात ओढायला जड कोण?"

"अय्या कधी एकटे बसलेत कुठे, अम्मा?"

"बरोबर आहे," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "येताना तुम्ही बसा. म्हणजे कळेल."

गाणं संपलं तेव्हा तो बाहेर उभा होता. मी बायकोला सांगितलं, मला हल्ली चालायला फार आवडतं.