रजेसाठी ॲडमिट

पप्पांना मी दवाखान्यात ॲडमिट केलं ते माझ्या रजेसाठी. हे अजून कुणासमोर बोललेले नाही, म्हणून आधीच लिहून टाकते. नाहीतर मी पानभर इकडचं तिकडचं लिहीन आणि हेच गिळून टाकीन.

पक्षाघाताचा झटका तसा हलकाच होता. वाचा शाबूत राहिली, डावा पाय तेवढा गेला. तुर्भ्याच्या कारखान्यात जन्मभर उभ्याने काम केलेला माणूस कोपरखैरण्याच्या आमच्या खोलीत पलंगापासून मोरीपर्यंत जायला माझा हात धरू लागला. फिजिओथेरपीवाली मॅडम म्हणाली, "पहिले तीन महिने महत्त्वाचे. आठवड्यातून तीनदा आणा, सकाळी दहाला. आता पाय ऐकेल, नंतर नाही ऐकणार." आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच. आणायचं कुणी, तर मीच.

मी द्रोणागिरीला एका गोदामाच्या ऑफिसात कंटेनरची कागदपत्रं बघते. सरांना म्हटलं, आठवड्यातले तीन दिवस दुपारी येते, जेवढे तास जातील तेवढे संध्याकाळी आणि शनिवारी भरून देते. सर वाईट नाहीत. त्यांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन माझ्याकडे वळवला. "मॅडम, तास टाकायला यात जागाच नाही. पूर्ण दिवस, नाहीतर हाफ डे. हाफ डे महिन्याला दोनच."

"संध्याकाळी कंटेनर काय पळून जातात का, सर?"

ते हसले. मी नाही हसले.

घरच्यांच्या आजारपणाची रजा होती, नाही असं नाही. सलग पाच दिवस, पण पेशंट ॲडमिट हवा. काठी टेकत दवाखान्यात जाणारा माणूस आमच्या ऑफिसच्या लेखी आजारीच नसतो. दोन हाफ डे पहिल्याच आठवड्यात संपले. मग पप्पा एकटेच भिंत धरून व्यायाम करायला लागले. एका दुपारी पडले. मी घरी येईपर्यंत तिथेच बसून होते, आणि मलाच म्हणाले, "काय नाय गं, जरा टेकलो होतो."

दुसऱ्या दिवशी डबा खाताना शेजारच्या टेबलावरची ताई म्हणाली, "ॲडमिट दाखव ना. सगळेच दाखवतात." खरंच होतं ते. मुलांच्या बारावीच्या परीक्षेला आमच्या अर्ध्या ऑफिसच्या सासवा सलाइनवर असतात. ओळखीचा डॉक्टर नुसता कागद देतो, सासू घरी भाजी निवडत बसलेली असते.

पण मला खोटा कागद नको होता. आपण कुणाला फसवायचं नाही, ही पप्पांचीच शिकवण. म्हणून मी खरंच ॲडमिट केलं. केवढी शहाणी मी! आमच्या सेक्टरमधल्या छोट्या दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, पाच दिवस ठेवू, रोज दोन वेळा फिजिओ इथेच होईल. मला तर हायसं वाटलं.

"मला ॲडमिट? झालंय काय मला?" पप्पांनी विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितलंय, पप्पा."

त्यांनी दाढी केली, पांढरा सदरा घातला आणि पुढे एक शब्द विचारला नाही. ते एवढे गप्प का, हे मी विचारायला हवं होतं. मी पिशवी भरत होते.

पहिले तीन दिवस चांगले गेले, हेच सगळ्यात वाईट. मी त्यांना संत्र्याच्या फोडी सोलून देत होते, वऱ्हांड्यात चालवत होते. तिसऱ्या दिवशी ते माझा हात सोडून सहा पावलं चालले. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा सारखा खोकत होता. चौथ्या दिवशी पप्पांना ताप आला. सहाव्या दिवशी वाशीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा दोन्ही फुप्फुसांत न्युमोनिया होता. आयसीयूचा कागद सरांना मोबाइलवर पाठवला, लगेच उत्तर आलं, "काळजी घ्या. हवी तेवढी रजा घ्या."

हवी तेवढी. मला दिवसाला दोन-तीन तास हवे होते.

एका सकाळी पप्पांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. म्हणाले, "पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस बाई. मी काय घाबरलो नसतो." त्यांना वाटत होतं, काहीतरी मोठा आजार आहे आणि मी तो लपवून ठेवलाय. तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. पप्पा, तुम्हाला काहीच झालं नव्हतं, मला रजा पाहिजे होती. मी मास्क परत नीट लावला. चार दिवसांनी ते गेले. तो समज घेऊनच गेले. मला स्वतःची शिसारी येते, आणि ती कुणासमोर बोलून दाखवताही येत नाही.

गावाहून आत्या आली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती माझा हात धरून सांगायची, "नोकरी बाजूला ठेवून बापाजवळ बसली ही. वेळेवर ॲडमिट केलं, काही म्हणता काही कमी पडू दिलं नाही." सगळे माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचे, हो.