ताईंच्या मागची गाडी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. तारापूरला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. रिअॅक्टरचं प्रेशर वाढलं की ते का वाढलं हे सापडेपर्यंत आम्हाला चैन पडत नाही... आणि कारण सापडतंच. त्यामुळे इथे या पानावर येणारे अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय. आज स्वतःचा लिहायला बसलोय, आणि भीतीपेक्षा लाजच जास्त वाटतेय, हे आधीच सांगून टाकतो.

बोईसरला आमचा एक बाइक ग्रुप आहे. बहुतेक सगळे कंपन्यांतलेच. एखाद्या रविवारी सकाळी निघायचं, कुठेतरी पाण्याकाठी जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी. सगळ्यात पुढे राजूदादा, तो लीडर. सगळ्यात मागे जो असतो त्याला आम्ही 'शेपूट' म्हणतो. शेपटाने केशरी जॅकेट घालायचं, पंक्चरचं सामान जवळ ठेवायचं आणि काही झालं तरी कुणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही. माझ्या गाडीला निळा पत्र्याचा डबा लावलेला आहे, सामान त्यातच राहतं, म्हणून हे काम नेहमी माझ्याच गळ्यात.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. विक्रमगडच्या अलीकडे आत वळलं की एक छोटं धरण लागतं. तिथल्या एका घरी गावठी कोंबडीचा रस्सा आणि तांदळाच्या भाकऱ्या सांगून ठेवल्या होत्या. त्या दिवशी सुवर्णाताई पहिल्यांदाच ग्रुपबरोबर आल्या. ताई कुंभवलीला शिवणकाम करतात, पंचेचाळिशी ओलांडलेली. मुलगा नोकरीला वापीला गेला, त्याची बाइक दारात पडून होती, ती चालवायला ह्या शिकल्या. दिवाळीत एकदा पडल्या तेव्हापासून मुलगा गाडी विकायच्या मागे लागला होता.

"आजची राइड नीट झाली तर गाडी ठेवीन, नायतर तो म्हणतो तसं," असं त्यांनी निघतानाच सगळ्यांना सांगितलं. मग मला बाजूला घेतलं. "भाऊ, मी हळू चालवते. मागं पडले तर सोडून नाय ना जाणार?"

"ताई, मी शेपूट आहे. तुमच्या आरशात मी दिसतच राहणार," मी म्हणालो.

पालघर सुटेपर्यंत दिसत राहिलोही. पण ताईंची गाडी काही चाळिसाच्या वर जाईना. बाकीचे कधीच नजरेआड झाले होते. रिक्षावालेसुद्धा आम्हाला ओव्हरटेक करत होते आणि वळून वळून बघत होते. त्यात एकाने मला बघून चक्क हात हलवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं... म्हणजे लाज मला तेव्हाही वाटत होती, फक्त भलत्याच गोष्टीची.

पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंड आहे. तिथे वाघोबाचं देऊळ आहे, येणारा-जाणारा हॉर्न वाजवून, हात जोडून पुढे जातो. ताईंनी मात्र गाडी बाजूला लावली, हेल्मेट काढलं आणि टपरीवर नारळ घ्यायला गेल्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती. मी गिअर टाकला आणि निघालो.

मनोर नाक्यावर थांबू, असं मनाशी म्हटलं होतं. नाही थांबलो. लख्ख दिवस आहे, डांबरी रस्ता आहे, बाईंकडे मोबाईल आहे, काय होतंय! रिकाम्या रस्त्याला गाडी अशी पळाली म्हणता...

धरणाच्या फाट्याला आत वळल्यावर डोकं ठिकाणावर आलं. शेपूट एकटंच पोचलं तर राजूदादा सगळ्यांसमोर सालटी काढणार. मग मी काय केलं? कच्च्या रस्त्याच्या कडेला आंब्याच्या झाडामागे गाडी लावली, जॅकेट काढून डब्यात टाकलं आणि बांधावर आडवा झालो. ताई आल्या की हळूच त्यांच्या मागे लागायचं आणि दोघांनी मिळून पोचायचं, असा बेत. पलीकडून पाण्यावरून आमच्या लोकांचं हसणं ऐकू येत होतं.

बराच वेळ गेला. मला डुलकीही लागली असेल. मग ताईंच्या गाडीचा आवाज आला. मी घाईघाईने जॅकेट चढवलं आणि झाडाआडून बघितलं. ताई सावकाश येत होत्या. माझ्यासमोरून जाताना त्यांनी आरशात पाहिलं, हसल्या, आणि डावा हात वर करून मागच्याला अंगठा दाखवला.

मागे कुणी नव्हतं. नुसती धूळ.

मी काही विचार केला नाही. गाडी काढली, त्यांच्या मागे लागलो, आणि आम्ही पोचलो. उतरल्यावर दिसलं की ताईंची सलवार मातीने भरलीय, कोपर खरचटलंय. चेहरा मात्र फुललेला. सगळे भोवती जमले.

"खिंड उतरताना खडीवर घसरले," ताई सांगू लागल्या. "गाडी पायावर. उठता येईना. वरून टेम्पो सुसाट येत व्हता. ह्या भाऊंनी आपली गाडी रस्त्यात आडवी घातली म्हणून थांबला तो. मंग माझी गाडी उचलून दिली. बोलले कायच नाय, हेल्मेटपण नाय काढलं. नुसता हात केला, चला म्हणून. तिथून इथवर आरशात केशरी जॅकेट बघत बघत आले मी."

राजूदादाने माझ्या पाठीत थाप मारली. "शेपूट असावं तर असं."

आणि मी... मी म्हणालो, "अहो ताई, त्यात काय एवढं."

हे वाक्य माझ्याच तोंडून गेलं. कुणी दुसऱ्याने वदवून घेतलं असं म्हणायलाही जागा नाही. नंतर ताईंनी स्वतःच्या हाताने माझ्या ताटात रस्सा वाढला आणि तो मी खाल्ला.

परतताना सगळे खिंडीत थांबलो. नारळाच्या टपरीवरचा माणूस सरळ माझ्याकडे आला. "शेट, बाईला जास्त लागलं नाय ना? आवाज ऐकून मी पळत खाली आलो, तवर तुमी गाडी उचललीपण व्हती." मी म्हटलं, दुसरा कुणीतरी असेल. त्याने माझ्या निळ्या डब्यावर हात ठेवला. "ह्योच डबा. मी बगितला ना."

कुणी दुसरा बाइकवाला असेल, अशी स्वतःची समजूत मी कितीतरी दिवस घालत होतो. पण तीच गाडी, तसंच जॅकेट, तसाच डबा? आणि धरणापाशी तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, मागे कुणीच नव्हतं.

पुढे ताईंचा मुलगा वापीहून आला, मला शोधत कंपनीच्या गेटवर. माझे दोन्ही हात हातात घेतले. "आईची गाडी आता विकत नाय. तुमी मागं असता, मला टेन्शन नाय," म्हणाला. त्या रात्रपाळीला माझं कामात लक्ष लागलं नाही.

सकाळी सुटल्यावर घरी न जाता थेट कुंभवलीला गेलो. ताई मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी चहा दिला. मी सगळं सांगितलं... खिंडीतून निघून गेलो ते, आंब्याचं झाड, पाठीवरची थाप, सगळं. वाटलं होतं, ऐकून घाबरतील, मग तो कोण होता म्हणून विचारतील. मला माहीत नाही, एवढंच उत्तर मी तयार ठेवलं होतं.

ताईंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"तो कोन व्हता ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "वाघोबा असंल, कुणीपन असंल, त्याचे उपकार हायत माझ्यावर. पन भाऊ, तुमी का नव्हता?"

ताईंच्या मागच्या त्या गाडीचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर सांगा. ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे होतं, अगदी साधं होतं, रिक्षावाल्यांसमोर वाटलेली ती लाज, आणि ते मी दिलं नाही. चहा तसाच ठेवून उठलो.